वजीर थांबलाय

९ जानेवारी

प्रिय खटपटे,

परवा तुझा फोन वाजला म्हणे. शेजारच्या वहिनींनी दारावर थापा मारून सांगितलं तेव्हा कळलं. उचलला, पण पलीकडे माझी भाची बोलत होती की पाणी उकळत होतं, ते काही समजलं नाही. छापखान्यातल्या मशीनने माझे कान खाल्ले ते खाल्लेच, आता कानात घालायच्या यंत्रातही नुसती घरघर येते. तेव्हा पत्रच लिहीत जा. तुझं अक्षर दिव्य असलं तरी मला लागतं. आयुष्यभर लोकांची हस्तलिखितं वाचली आहेत.

मी ठणठणीत. सकाळी बागेपर्यंत फेरी, मग वाचनालय, दुपारी डुलकी. मामी गेल्यापासून घर जरा मोठं वाटतं, पण त्याला इलाज नाही.

एक काम होतं. वाचनालयात माझा बुद्धिबळाचा एक भिडू आहे. आम्ही त्याला वजीर म्हणतो, कारण पटावरचा वजीर मेला की घरातलंच माणूस गेल्यासारखं तोंड करतो. गेल्या महिन्यात पोटात जळजळतं म्हणून त्याला दुर्बीण घातली, तर जठरात गाठ निघाली. नखाएवढीच, पण तुकडा तपासला तर वाईट जातीची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीबवान आहात, अजून वरच्या अस्तरातच आहे, तोंडावाटे दुर्बीण घालून सोलून काढता येईल, पण दोन महिन्यांच्या आत काढून टाका. पोट फाडून काढायचा प्रश्नच नाही. त्याची छाती अशी आहे की भूल देणारे डॉक्टर लांबूनच हात जोडतात. म्हणजे हा एकच रस्ता.

पण गडी घाबरलाय. तुझ्या मामीचं त्याला मीच सांगून बसलो होतो. तिच्याही आतड्यातली गाठ अशीच काढायला गेले, सुरीचं टोक केसभर पुढे गेलं, भोक पडलं, पोटात विष पसरलं, आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. तुला काय सांगायचं? तू शेवटपर्यंत तिच्या उशाशी होतीस. त्याच पायी तू पंख्यांच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून गाठी काढायच्या या नव्या हत्यारामागे लागलीस.

तर वजीर विचारतो, तुझ्या भाचीचं नवं हत्यार कधी निघणार? थांबावं का त्याने? मी म्हटलं, विचारून सांगतो. मनात काही न ठेवता लिही.

तुझा,
मामा


२१ जानेवारी

मामा,

अक्षराबद्दल बोलू नकोस. दिवसभर चिमट्याने तांदळाएवढ्या वस्तू धरल्यावर पेन हातात फावड्यासारखं वाटतं.

वजीरकाकांना सांग, घाबरणं अगदी रास्त आहे. आता वापरतात ती सुरी म्हणजे दुर्बिणीच्या तोंडातून बाहेर येणारी एक तार. तिच्या टोकाला वीज. टोक जिथे टेकेल तिथे कापतं. आणि आतली भिंत किती जाड असते माहितीये? काही ठिकाणी तुझ्या वर्तमानपत्राच्या चार घड्या केल्यास तर त्याच जास्त जाड भरतील. माणूस श्वास घेतो, भिंत हलते, तार पुढे सरकते.

आमची सुरी नाहीच, ती कात्री आहे, खरोखर तांदळाच्या दाण्याएवढी. आधी पकडते, मग पकडलेलं भिंतीपासून वर उचलते, आणि डॉक्टरांनी नीट पाहिलं की मगच कापते. बाहेरून सगळीकडे लेप दिलेला, वीज फक्त आतल्या धारेला. बाहेरची बाजू भिंतीला टेकली तरी काही होत नाही. कसाईखान्यातून आणलेल्या डुकरांच्या जठरांवर रोज चाचण्या चालतात. तो वास माझ्या केसांत असा बसलाय की बसमध्ये माझ्या शेजारची सीट कायम रिकामी असते. तेवढीच चैन.

जूनपर्यंत परवानगी मिळेल, जुलैत पहिल्या रुग्णांवर वापरू. इतक्या सुरुवातीच्या गाठी फार हळू वाढतात, हे डॉक्टरच सांगतात. वजीरकाकांनी आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारावंच, मी काही डॉक्टर नाही. पण मला विचारशील तर थांबावं. मामी थांबली असती तर आज तुझ्या समोर बसलेली असती. माझ्या घरचं माणूस असतं ना मामा, तर मी जुन्या सुरीला त्याच्या जवळसुद्धा फिरकू दिलं नसतं.

थंडीत फिरायला जाताना मफलर घाल. तुझी छाती काही वजीरकाकांपेक्षा बरी नाही.

तुझी,
खटपटी


३ फेब्रुवारी

प्रिय खटपटे,

वजीरला तुझं पत्र दाखवलं. 'माझ्या घरचं माणूस असतं तर' ही ओळ त्याने पुन्हा पुन्हा वाचली. ठरलं त्याचं. थांबतोय.

डॉक्टरीणबाईंकडे मीही गेलो होतो सोबत. बाई चांगल्याच तापल्या. मला ऐकू येत नाही म्हणून एरवीच ओरडून बोलतात, त्या दिवशी तर बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. म्हणाल्या, "अहो, मी हे काम शेकडो वेळा केलंय! सुरीला काय घाबरायचं?"

वजीर म्हणाला, "बाई, माझ्या ओळखीत एकदा ती चुकली आहे."

यावर त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. निदान तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघू द्या. तेवढं तरी कबूल करा." त्याने मान डोलावली खरी, पण जाईल असं वाटत नाही. ती नळी गिळताना त्याचा जीव जातो. म्हणतो, एकदाच गिळीन, तुझ्या पोरीची कात्री येईल तेव्हा.

वाचनालयात आता मीही तुझी फुशारकी मारायला लागलोय. ग्रंथपाल मला बघून पुस्तकांच्या कपाटामागे लपतो.

मामा


१७ मे

मामा,

मध्ये इतके दिवस लिहिलं नाही. आधी सगळं इतकं छान चाललं होतं की लिहायला फुरसत नव्हती. मग जे झालं ते लिहावंसं वाटेना.

एप्रिलअखेर आमच्या चाचण्या संपल्या. एकाही जठराला भोक नाही. साहेबांनी सगळ्यांना बोलावून टाळ्या वाजवल्या. कागद परवानगीला जायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी मी वापरून झालेली एक कात्री सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सहज म्हणजे सवयीने. तर बिजागरीपाशी लेपाला तडा होता. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. मग बाकीच्या बघितल्या. पुष्कळ वेळा उघडझाप झालेल्या चारपैकी एकीला तरी तो होताच. तडा म्हणजे वीज बाहेर येणार. आणि बाहेर येणार ती भिंतीकडेच.

साहेबांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एका रुग्णात एवढ्या वेळा कोणी उघडझाप करणार नाही."

मी म्हटलं, "गाठ मोठी असली तर करतील."

"मग कागदात लिहू, मोठ्या गाठीला वापरू नये."

"साहेब, कागद कोण वाचतं? डॉक्टर हातात कात्री धरतात, कागद नाही."

ते वाईट नाहीत रे मामा. त्यांच्यावरही वरून दबाव आहे. पण शेवटी म्हणाले, "सही तुझी आहे. तू म्हणशील तसं." मी सही केली नाही. लेप नव्याने बसवायचा, बिजागरीचा आकार बदलायचा, पुन्हा सगळ्या चाचण्या. जुलैचं आता ऑगस्टअखेरवर गेलं. वर्कशॉपमध्ये दोघे जण माझ्याशी बोलत नाहीत.

वजीरकाका कसे आहेत? त्यांनी मध्ये दुर्बीण घालून घेतली ना? त्यांना माझ्या वतीने सॉरी म्हण. मी त्यांना जुलै सांगितला होता.

खटपटी


२९ मे

प्रिय खटपटे,

बरं केलंस सही केली नाहीस ते. एकदम बरं केलंस. जे दोघे बोलत नाहीत त्यांना माझ्याकडे पाठव, मला ऐकूच येत नाही, आमचं छान जमेल.

गंमत सोडून सांगतो. छापखान्यात असताना एकदा औषधाच्या पुडक्यावर छापायच्या मजकुरात एक शून्य जास्त पडलं होतं. हजारो कागद छापून झाले होते. मालक म्हणाले, जाऊ दे, डॉक्टरांना कळतं. मी मशीन बंद करून बसलो. तेव्हा तुझी मामी म्हणाली होती, नोकरी गेली तर जाऊ दे, मी शिकवण्या वाढवते. तुझ्यात तो हट्ट आमच्याच घरातून आला असेल, तर मला त्यात वाईट काहीच वाटत नाही.

वजीर थांबेल. त्याला कसली घाई आहे? दुर्बीण नाही घातली त्याने, मी सांगितलं होतंच. पण हिंडतोय फिरतोय. जरा बारीक झालाय, उन्हाळा आहे, कोणाला जेवण जातंय? मलाच जात नाही. वहिनी रोज डबा देतात आणि रोज तो तसाच परत आलेला बघून रागावतात.

तू मात्र वेळेवर जेव.

मामा


३० ऑगस्ट

मामा! मामा! मामा!

झालं. परवानगी आली. नव्या लेपाच्या कात्र्या आम्ही अगदी मोडेपर्यंत उघडझाप करून बघितल्या. बिजागरी तुटली पण लेपाला तडा नाही. मी वर्कशॉपच्या मधोमध उभी राहून रडले आणि जे दोघे बोलत नव्हते त्यांतल्या एकाने मला स्वतःचा रुमाल दिला. तेलकट होता. त्यानेच तोंड पुसलं.

आता ऐक. पहिल्या रुग्णांसाठी जी चार रुग्णालयं निवडली आहेत, त्यांत तुमच्या गावातलं मोठं रुग्णालयही आहे. मी मुद्दाम खटपट केली. कात्री वापरायचं प्रशिक्षण ज्या डॉक्टरांना देणार, त्यांत एक डॉक्टरीणबाई आहेत, मोठ्याने बोलणाऱ्या. वजीरकाकांच्या त्याच असणार! पहिला नंबर वजीरकाकांचा. मी तसं सांगून ठेवलंय.

फक्त एक कर. त्यांना ताबडतोब पुन्हा दुर्बीण घालून घ्यायला लाव. गाठ अजून वरच्या अस्तरातच आहे ना, ते बघायला लागेल. खाली उतरली असेल तर कात्रीचा उपयोग नाही, कारण आम्ही फक्त वरचं सोलतो. पण इतक्यात कुठली उतरतेय! हाताला धरून ने त्यांना.

आणि मीही येतेय तेव्हा. काचेच्या मागे उभी राहून बघणार. मामी गेली तेव्हापासून मला एकदा हे बघायचं होतं, की गाठ निघाली आणि माणूस उठून घरी गेला.

खटपटी


१६ सप्टेंबर

प्रिय खटपटे,

हे पत्र बसून वाच.

वजीर नावाचं कोणी नाही. मामी गेल्यापासून मी पट मांडतो आणि दोन्ही बाजूंनी मीच खेळतो. गाठ माझी आहे.

तुला आधी सांगितलं असतं तर तू कामधाम टाकून इथे येऊन बसली असतीस. आणि दुसरं म्हणजे, मला खरं उत्तर हवं होतं. मामासाठी विचारतोय म्हटल्यावर तू घाबरून काहीतरी गोलमोल लिहिलं असतंस. परक्या माणसासाठी विचारलं की तू सरळ सांगशील असं वाटलं. तसं तू सांगितलंसही. मला त्या उत्तराचा फार आधार वाटला. पटलंच मला ते. तुझ्या मामीला स्ट्रेचरवरून नेताना तिने माझं बोट धरलं होतं, आणि ते सोडवून घ्यायला लागलं होतं. त्या सुरीखाली मला झोपायचं नव्हतं.

तू लिहिल्याप्रमाणे गेल्या आठवड्यात दुर्बीण घालून घेतली. मग सगळ्या पोटाचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई या वेळी ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसल्या आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. गाठ भिंतीतून खाली उतरली आहे. यकृतावरही दोन ठिपके आहेत. मी लिहिलं, "कात्री?" त्यांनी मान हलवली. मी लिहिलं, "पोट फाडून?" त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला आणि पुन्हा मान हलवली.

औषधं देणार आहेत. त्याने काय होईल असं विचारलं तर म्हणाल्या, त्रास कमी होईल. बरं होईल असं काही म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

तुझ्या कात्रीचा पहिला नंबर दुसऱ्या कोणाला तरी दे.

मामा


२० सप्टेंबर

मामा,

तू खोटारडा आहेस. तू दुष्ट आहेस. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय, आधीच्या दोन्हींत याहून वाईट शब्द होते.

आई गेल्यावर तू आणि मामीने मला घरी आणलंत, तेव्हा तू मला एकच नियम सांगितला होतास, की या घरात दुखलं खुपलं की लगेच बोलायचं. माझा गुडघा फुटला तरी मी धावत येऊन सांगायची. आणि तू कुठला तरी भिडू उभा केलास, त्याला नाव दिलंस, त्याचा चेहरा कसा होतो तेही लिहिलंस. मी त्याला वजीरकाका म्हणत होते! त्याची काळजी करत होते आणि तुला मफलर घालायला सांगत होते.

डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलले. त्यांना वाटलं मला सगळं आधीपासून माहीत आहे. मी विचारलं, जानेवारीत काढली असती तर? त्या आधी बोलायलाच तयार नव्हत्या. मी सोडलं नाही. मग म्हणाल्या, "तासाभराचं काम होतं. साध्या सुरीने. चौथ्या दिवशी घरी गेले असते." मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण काय बोललो. म्हणाल्या, "नक्की असं कोणीच सांगू शकत नाही." पण ते त्या माझ्यासाठी म्हणाल्या, हे मला कळलं.

थांबा असं मी लिहिलं. तू विचारलंस आणि मी किती ठणकावून लिहिलं! आणि नंतर तो तडा सापडला आणि वेळ वाढवली, तीही मीच. तू म्हणालास बरं केलंस. तो तडा मला दिसला नसता तर जुलैत तुझी गाठ निघाली असती का? की मला आधी कळलं असतं तर मी तो दिसलाच नाही असं केलं असतं? मी दिवसभर एवढंच करतेय, तो तडा बघायचा आणि न बघायचा. कुठल्याच बाजूने सुटका होत नाही.

रजा मिळाली आहे. परवा पोचते. माझ्यासाठी स्वयंपाकघरात धडपड करू नकोस, वहिनींना मी कळवलंय.

खटपटी


११ नोव्हेंबर

मामा,

परत आल्यापासून रोज लिहायला बसते आणि तुझ्या घरातली ती आतली खोली डोळ्यांपुढे येते. पलंग खिडकीपाशी सरकवला ते बरं झालं ना? औषधाच्या दुसऱ्या फेरीनंतर उलट्या कमी आहेत असं वहिनींनी लिहिलंय. त्या खरं लिहितात का? की तू त्यांनाही शिकवलंस?

मी तिथे असताना तू चार-चारदा म्हणालास, कात्रीचं काय झालं ते लिहीत जा. म्हणून लिहितेय.

पहिला नंबर एका आजींना मिळाला. तुमच्याच रुग्णालयात, डॉक्टरीणबाईंनीच केलं. मी गेले नाही. जायचं म्हणून बस स्टँडपर्यंत गेले आणि परत फिरले. आजी आठवड्याच्या आत घरी गेल्या. त्यांच्या मुलाने वर्कशॉपमध्ये आभाराचा फोन केला. साहेबांनी तो मला जोडून दिला. मी "बरं झालं, बरं झालं" एवढंच म्हणत राहिले. त्या माणसाला वाटलं असेल, कुठल्या यंत्राशी बोलतोय.

त्यानंतर पाच जण नीट झाले. गेल्या आठवड्यात सातव्या माणसाला भोक पडलं.

विजेने नाही पडलं. लेपाला काही झालेलं नव्हतं, मी स्वतः कात्री मागवून बघितली. पकडताना वरच्या अस्तरासोबत खालचा थरही पात्यांमध्ये आला, आणि उचलून कापला गेला. मी तुला लिहिलं होतं ना, आधी पकडते, मग उचलते. त्याच उचलण्याने. डॉक्टरांनी लगेच आतूनच क्लिपा लावून भोक बंद केलं, तो माणूस वाचलाय. साहेब म्हणाले, "जुन्या सुरीपेक्षा बरीच आहे, बाई. भोकच पडणार नाही असं हत्यार कोणी बनवलंय का?"

ते खरं बोलतात. मला एक सांगायचं आहे, समोर असताना जमलं नाही. जुन्या सुरीने शंभरात जेमतेम चार-पाच जणांना भोक पडतं, आणि त्यांतलेही बहुतेक वाचतात. हे मला जानेवारीतही माहीत होतं. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवरच तो कागद चिकटवलेला आहे. तुला पत्र लिहिताना मी मान वर केली असती तरी दिसला असता. पण मला तिथे आकडे दिसायचेच नाहीत, मामीच दिसायची. एखाद्या खऱ्याखुऱ्या परक्या माणसाने मला असं विचारलं असतं, तरी मी त्यालाही हेच लिहिलं असतं. त्यालाही थांबवलं असतं. हे मला जास्त भयंकर वाटतं.

तू मला एकदाही बोलला नाहीस. मी दहा दिवस तुझ्या पलंगाशी बसले आणि तू मला विनोद सांगत होतास. मामा, मला एकदा तरी बोल. मी हात जोडते.

खटपटी


२ डिसेंबर

प्रिय खटपटे,

हात थरथरतो म्हणून अक्षर असं आहे. आता तुझ्याहून वाईट.

उलट्या कमी आहेत हे खरं. पण त्या कमी आहेत कारण पोटात काही जातच नाही. वहिनी ते लिहीत नाहीत. डॉक्टरीणबाई मंगळवारी घरी येऊन गेल्या. औषध थांबवलंय. आता फक्त दुखण्यावरचं.

सातव्या माणसाचं वाचून वाईट वाटलं. तो वाचला हे बरं. कात्री सोडू नकोस वगैरे मी लिहिणार होतो. पण ते तुझं तू ठरव. मला आता त्यातलं काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढी उत्सुकताही उरली नाही.

तू म्हणतेस, एकदा तरी बोल. मला तुझा राग येतो का, हे मी स्वतःला विचारून बघितलं. तू थांबायला सांगितलंस, मी थांबलो. पण मला थांबायचंच होतं. तुझं पत्र आलं नसतं तर दुसरं काही कारण शोधलं असतं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघू द्या म्हणून केवढं सांगितलं, तिथेही मीच गेलो नाही. तेव्हा तुझ्यावर रागवायला जागा नाही. पण राग येतो. कोणावर ते कळत नाही. सकाळी सकाळी येतो आणि मग दिवसभर अंगात राहतो. वहिनींवर उगाच निघतो. काल पाण्याचा पेला ढकलून दिला. त्या बिचाऱ्या पुसत बसल्या.

इथे असताना मी तुला विनोद सांगत होतो, कारण नाही तर मी हेच बोललो असतो, आणि ते तुझ्या तोंडाकडे बघून बोलवत नव्हतं.

मी म्हातारा आहे, बायको गेली, कान गेले, अशा माणसाला जायची तयारी असते असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. परवा समोरच्या घरी नवं बिऱ्हाड आलं. खिडकीतून दिसतं. एक मोठं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. चार जण, प्रत्येकाचं मत वेगळं. एक म्हणतो उभं करा, एक म्हणतो दारं काढा, आणि ती घरमालकीण खालून हातवारे करतेय. मी अगदी रंगून गेलो. म्हटलं, आता हे कसं वर नेतात ते बघायचंच. तेवढ्यात दुखण्याच्या गोळीने डोळा लागला. उठलो तर जिना रिकामा. कपाट वर गेलं की परत नेलं, काही कळलं नाही. वहिनींना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. तुला हसू येईल, पण मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

तुला बरं वाटावं म्हणून आणखी काहीतरी लिहायला हवं होतं. ते सुचत नाही. मला अजून जगायचं होतं गं.

मामा